कलमं विकायची नाहीत

डोंबिवली, ६ सप्टेंबर २०२०

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलले असते तर बाबांनी "रेंज जाते गो" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई रडत बसली असती. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून मोठ्याने वाचा, आईलाही ऐकू दे.

आधी झालेलं सांगते. फ्लॅटचा सौदा केला. शुक्रवारी टोकन घेतलं. कर्ज फिटून थोडं हातात उरतंय. पुढच्या महिन्यात इथेच, मागच्या गल्लीत भाड्याने जातोय. दोन खोल्या आहेत, पाणी दोन्ही वेळ येतं, आणि आई, ओटा इथल्यापेक्षा मोठा आहे. तुझी खिडकीजवळची झोपायची जागा तिथेही आहे, मी आधी तेच पाहिलं. सोनूची शाळा तीच राहते, सध्या ती फोनवरच भरते ही गोष्ट वेगळी.

आणि दुसरं म्हणजे कलमं विकायची नाहीत. माझ्या कर्जासाठी तर मुळीच नाहीत.

तुमच्या जावयांची नोकरी गेली यात त्यांचा दोष नाही हे बाबा तुम्हीच म्हणालात, बरं वाटलं. टुरिस्ट कंपनीच्या गाड्या मार्चपासून उभ्या आहेत. बँकेने सहा महिने हप्ता थांबवला, पण व्याज काही थांबलं नाही. ते मुद्दलात चढत गेलं आणि ऑगस्ट संपला तसा हप्ता पुन्हा दारात. दोघांचे पगार धरून घेतलेलं घर माझ्या एकटीच्या पगारावर किती दिवस ओढणार? त्यात १ तारखेपासून सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं. इतके दिवस "बघू, कळवू" करणारं गिऱ्हाईक आठवड्यात चेक घेऊन आलं. अशी संधी जानेवारीत असेलच असं नाही. मी घाईत केलं नाही, बाबा. कागदावर तीनदा मांडून पाहिलं.

त्या दिवशी जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याची बातमी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, आता सरकारनेही अंथरूण पाहून पाय पसरावेत, आपलं घर काय नि देशाचं काय, हिशेब एकच. तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही, पण बारावीच्या पोरांना हेच शिकवते म्हणून सांगते. आपण हात आखडला तर आपलं घर वाचतं. सगळ्यांनीच आखडला तर कोणाचाच माल खपत नाही, मग पगार बंद, मग आणखी आखडता हात. तेव्हा खर्च करू शकेल असं एकटं सरकारच उरतं. अमेरिकेत १९२९ ची मंदी आल्यावर हे उमगायला तीन-चार वर्षं गेली. तोवर चारातला एक माणूस बेकार झाला होता, आणि बाहेरच्या मालावर जकाती वाढवून त्यांनी उरलासुरला व्यापारही घालवला. मग अध्यक्ष रूझवेल्टने रस्ते, धरणं, शाळा, जंगलं, जे सुचेल त्या कामाला लोक लावले. १९३७ मध्ये बरं वाटायला लागल्यावर खर्च कापला, तर पुन्हा मंदी. म्हणजे ताप उतरला म्हणून औषध तिसऱ्याच दिवशी सोडायचं, कोणासारखं ते लिहीत नाही.

आपल्याकडे तेव्हा राज्य लंडनचं. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, पण इंग्रजांनी रुपया एक शिलिंग सहा पेन्सच्या चढ्या दराला धरून ठेवला, आणि घरोघरचं सोनं विकलं जाऊन बोटींतून विलायतेला गेलं. आजी पुतळ्यांच्या माळेचं सांगायची ना, गिरणीतली मनिऑर्डर आटली तेव्हाचं? ती बाई गळ्याला हात लावून सांगायची. मला लहानपणी वाटायचं, पणजोबा उधळे होते. वर्गात हा धडा शिकवताना पहिल्यांदा कळलं की तशा माळा गावोगावी उतरल्या होत्या.

आणि कलमं कशी लागली ते तुम्ही विसरलात का? ८२ च्या गिरणी संपानंतर तुम्ही परळची खोली सोडून गावी आलात ते दिवस मी काढत नाही. पण ९१ साली वरच्या कातळावर साठ खड्डे मारले, त्याची मजुरी कुठून आली? रोजगार हमीतल्या फळबागेतून. ७२ च्या दुष्काळात पागे साहेबांची ही योजना राज्यभर गेली, पुढे तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊ लागले. माझ्याही पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात. सगळे कुरकुरतात, मी कधी कुरकुरले नाही. तुम्ही प्रत्येक कलमाशी मडकं पुरायचात, बुडाला भोक, त्यात आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. मी विहिरीवरून कळशी आणून ती मडकी भरायची. एकदा कळशी फुटली आणि मी फणसामागे लपले, तर तुम्ही ओरडायचं सोडून खापऱ्या गोळा केल्यात, कलमाच्या बुडाशी ओल धरायला. ती कलमं विकू म्हणता?

यातली बावीस वादळात आडवी झाली, तुमचं मन उडालं, समजतं मला. पण म्हणून उरलेली अडतीस त्या दलालाच्या भावाने द्यायची? विकणारे पुष्कळ आणि घेणारा एक, अशा वेळी भाव कोण ठरवतो ते माळेच्या वेळी पाहिलंय आपल्या घराने. नुकसानीचे हेक्टरी ५० हजार जाहीर झालेत. तलाठ्याकडे पंचनाम्याची नक्कल मागा. "बघतो" म्हणाला तर तिथेच बसून राहा.

सरकारचं सगळं बरोबर चाललंय असं मला म्हणायचं नाही. वीस लाख कोटींच्या पॅकेजात कर्जाची हमी बरीच आणि हातात रोकड थोडी. जावयांचा मालक म्हणतो, गिऱ्हाईकच नाही तर कर्ज घेऊन गाड्यांना हार घालू का? रोजगार हमीला वाढीव ४० हजार कोटी दिले ते मात्र मला पटलं. मुंबईहून आलेली आपल्या वाडीतली पोरं निदान बांधबंदिस्तीला तरी लागतील.

आता कणगीतला डबा. हो, मला माहीत आहे. आईला रागावू नका, तिने सांगितलं नाही, मी मे महिन्यात तांदूळ काढताना पाहिला होता, गेल्या वर्षी. पतसंस्थेत बुडाले म्हणून तुम्ही बँकेचंही नाव टाकलंत, पण दोन्ही एक नाहीत. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारीपासून एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेला तो नसतो, तुमचं तिथेच फसलं. रूझवेल्टने गादीवर आल्या आल्या देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या, तपासल्या, आणि रविवारी रात्री रेडिओवर साध्या भाषेत सांगितलं की बँक तुमच्या पैशाचं काय करते. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या तसे लोक पैसे परत भरायला रांगेत. मी काही रूझवेल्ट नाही, पण ऐका. व्याजदर उतरले कारण कर्ज स्वस्त करायला रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला, त्याची झळ तुमच्यासारख्यांना बसते हे खरंच आहे. म्हणून डब्यातले पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, ७.४ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज. सोमवारीच जा. उंदराने नोटा कुरतडल्या तर त्याला पंचनामा नाही.

आई, बाबांची बीपीची गोळी पाकिटावरून मोज, त्यांच्या शब्दावरून नको. तू पण कंबर दुखत असताना पडलेल्या फांद्या ओढू नकोस. आजोबांच्या श्राद्धाला यंदा भटजी नाही मिळाले तर पान वाढून काकबळी ठेवा, चालतं. दहा दिवस कोंडून घ्यावं लागेल म्हणून गणपतीला आलो नाही, ते अजून टोचतंय. आरती व्हिडिओवर पाहिली, बाबांचा आवाज बारीक झालाय. आता ई-पास गेला, एसटी सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं येतो, चांगले पंधरा दिवस राहू. तुमचे जावई म्हणतात, आडव्या कलमांच्या जागी नवे खड्डे मीच मारीन. त्यांनी आयुष्यात कुदळ धरलेली नाही, हसू नका त्यांना.

तुमची,
बाय

ता. क. दलालाला मी कालच फोन करून नाही म्हणून सांगितलं. सातबारावर माझं नाव तुम्हीच हौसेने चढवलंत, तेव्हा सही माझीही लागते. राग आला असेल तर मला रात्री नऊनंतर फोन करा, आईवर काढू नका.