रिपेअरिंगच्या तक्रारी आता वहीतच
मंडळी, परांची लागल्यापासून ग्रुपवर तक्रारींचा नुसता पाऊस पडतोय आणि त्यात कामाची तक्रार वाहून जातेय, म्हणून आजपासून वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहायचं, विंग, फ्लॅट नंबर, तारखेसकट. नुसतं "लीकेज आहे" नको, कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, ओल सतत असते की वरच्यांनी नळ सोडला की येते ते लिहा, कारण दोष वरच्या बाथरूमचा असेल तर बाहेरून कितीही प्लास्टर करा, ओल जाणार नाही.

आवाजाचं म्हणाल तर पोकळ वाजणारं प्लास्टर पाडावंच लागतं, पण दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद ठरलीय, तेव्हा आवाज आला तर सरळ फोन करा, खिडकीतून कामगारांशी भांडू नका (कालचा प्रकार बरा नव्हता). नव्या प्लास्टरवर निदान ७ दिवस पाणी मारतात, ते लीकेज नव्हे, कपडे आत वाळत घाला.

आणि हे काम काढलंच कशाला विचारणाऱ्यांनो, बिल्डिंग ३० वर्षांच्या वर गेली की सोसायटीच्या उपविधीप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं, त्यातूनच हे काम निघालं, रिपोर्ट ऑफिसात ठेवलाय, येऊन वाचा. वही दर शनिवारी संध्याकाळी इंजिनिअरला दाखवणार.