फिजिओथेरपिस्ट मॅडम, मनापासून आभार

प्रिय मॅडम,

डर्माटोमायोसायटिस, म्हणजे स्नायूंना आणि त्वचेला सूज आणणारा आजार, झालेल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र.

या आजारात जो तो आधी सीपीकेचा, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचा, आकडा विचारतो. तुम्ही रुग्णाला उताणं झोपवून मान उचलायला सांगता. मानेचे पुढचे स्नायू, खांदे, नितंब, मांड्या वगैरे स्नायूंचे एकूण ८ गट, प्रत्येकाच्या ताकदीला १० पैकी गुण, बेरीज ८० पैकी. दर वेळी तोच क्रम, तीच बाजू, आणि सगळं तारखेनिशी कागदावर.

त्या कागदाचं मोल आम्हाला नीट ठाऊक आहे. सीपीके उतरतं, पापण्यांवरचा जांभळट लालसरपणा फिका पडतो, तरी खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतोच. आजार पुन्हा उसळला असं धरून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वाढवलं तर घात होऊ शकतो. मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइडही मांड्यांचे स्नायू झिजवतं, आणि त्यात सीपीके सहसा वाढत नाही. उलट, काहींचं सीपीके आजार जोरात असतानाही नॉर्मल असतं. गुण कधी घसरले, तेव्हा डोस किती होता, हे समोर असलं की डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. एकट्या रिपोर्टवरून ते जमत नाही.

सूज आहे म्हणून पडून राहा, हा जुना सल्ला तुम्ही मोडीत काढलात त्याबद्दल तर विशेष आभार. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करायची, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढायची, छाती पुढे झुकवून उठायचं. बसताना धपकन न बसता सावकाश ३ आकडे मोजत टेकायचं. जमू लागलं की उशी पातळ करायची. थकवा किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही उरलं तर आवर्तनं कमी. आजार भरात असताना जड वजनं नाहीत, सोसेल तेवढाच हलका व्यायाम आणि सांधे आखडू नयेत एवढी हालचाल.

पाणी पिताना ठसका लागतो का, ते नाकातून येतं का, हेही तुम्ही न चुकता विचारता. कोरडा खोकला आणि नव्याने लागणारी धाप अशक्तपणाच्या खात्यात न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवता, कारण फुप्फुसांना सूज असू शकते. हे प्रश्न तपासणाऱ्या प्रत्येकाने विचारायलाच हवेत.

तुमचे ऋणी,
डर्माटोमायोसायटिसचे रुग्ण आणि त्यांचे घरचे