बारक्या टमाट्यांचं बी पाठवतोय

प्रिय मित्रा,

फोनवर तुझं अर्धं लक्ष ऑफिसात असतं म्हणून लिहितोय. धुळ्याच्या नव्या घरामागे जागा आहे म्हणालास ना, मग तिथे मोठे टमाटे लावूच नको भो, बारके लाव, बोराएवढे, हॉटेलवाले चेरी टोमॅटो म्हणतात ते.

मी गेल्या फेब्रुवारीत दोन्ही लावले होते. भुसावळचं ऊन तुला काय सांगू, एप्रिलात पारा 40 च्या वर गेला आणि मोठ्या झाडांची फुलं देठासकट गळायला लागली, रोज सकाळी खाली पिवळा सडा. मला वाटलं पाणी कमी पडतंय, अजून ओतलं, काही फरक नाही. मग कळलं की 35 च्या वर गेलं आणि रात्रही गरमच राहिली की परागकणच निकामी होतात, फळ धरणार कुठून. मोरीकडेचा बारक्यांचा वेल मात्र आईच्या जुन्या लुगड्याच्या सावलीत मे लागेपर्यंत वाटीभर का होईना देत राहिला. आई रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलायची, खरंच.

पाण्याचं तेवढं सांभाळ. आम्ही लग्नाला तीन दिवस गावी गेलो, आल्यावर मी बादल्याच्या बादल्या ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी पिकत आलेले सगळे तडकलेले, साल ताणली जात नाही ना एवढ्या पटकन. रडू आलं मला. आता बुडाशी केळीची वाळलेली पानं पसरतो, ओल टिकते, रोज थोडंथोडंच देतो.

आधाराला कपाशीच्या पऱ्हाट्या लावू नको, वेल माणसापेक्षा उंच जातो आणि त्या वजनाने मोडतात, बांबूच घे. आणि पानं वर वळून आखडली तर ते झाड लगेच उपट, पांढरी माशी तो रोग बाकीच्यांना लावते.

सोबत पुडीत बी आहे, आईच्या माहेरचं गावरान, दुकानातलं हायब्रीड नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तुझंच बी धरता येईल. गर पाण्यात दोन दिवस आंबवून, धुऊन सावलीत वाळवायचं. गणपतीच्या आसपास पेर म्हणजे थंडीभर फळं मिळतील. पहिला तोडा तव्यावर हिरव्या मिरच्या लसणासोबत भाज, वरवंट्याने रगड, कळण्याच्या भाकरीबरोबर खा, आणि कसा लागला ते मला त्याच दिवशी कळव.

तुझाच दोस्त