मंद्यास, सीझिनकोटबद्दल

प्रिय मंद्या,

शिव्या घाल, पण आधी वाच. गणपतीपासून तुला फोन नाही की मेसेज नाही. तब्येत बरी, साखर जरा वर. असो.

रमाने लग्नासाठी जागा पसंत केलीय. इथे इंग्लंडातच, ग्लॉस्टरशरमध्ये, मॉर्टन-इन-मार्शजवळ, सीझिनकोट नावाचं घर. काल दाखवायला नेलं. आजूबाजूला टेकड्या, मेंढ्या, आणि मध्येच हिरवा पडलेला तांब्याचा घुमट, छत्र्या, छज्जे! तिथे सगळ्यात आधी तू आठवलास. वेरूळला कैलासासमोर आपण भांडलो होतो ना, साहेबाने आपली लेणी उचलली की जपली? एसटी सुटली तरी तू हटला नव्हतास.

तर ऐक. हे घर चार्ल्स कॉकरेलचं, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गब्बर झालेला. जमीन 1795 साली कर्नल जॉन या भावाने घेतली. तो 1798 ला वारला आणि ती चार्ल्सकडे आली. सॅम्युअल हा आणखी एक भाऊ आर्किटेक्ट, त्यामुळे 1805 च्या सुमारास घरातल्या घरातच काम निघालं. फी दिली की नाही कोण जाणे. बाहेरून सगळा मोगली थाट, आत मात्र ग्रीक वळणाचं. म्हणजे वर शेरवानी, आत सूट. 1807 मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला आणि पुढे ब्रायटनला त्याने घुमटांचा महालच उठवला.

पण बाग! तिला सल्ला टॉमस डॅनियलचा. हो, तोच, 1803 ला वेरूळची चित्रं छापणारा. ती चित्रं मुळात जेम्स वेल्सची, पुण्यात सवाई माधवरावांचं चित्र काढलं त्याची. हे मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली, पार्किंग कुठेय ते बघ.

पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. खालून पाण्यात टाकलेल्या दगडांवर पाय देत जाता येतं. तिथले जाडजूड खांब बघून थेट घारापुरीच आठवली. पुढे खोडाला वेटोळे घातलेला तीन फण्यांचा नाग, वर तळ्याकाठी छोटंसं सूर्याचं देऊळ. आत सूर्य उभा, आणि एवढ्या वर्षांत एक फूल कुणी वाहिलं नसेल.

रमाला सप्तपदी त्याच्यासमोर हवीय. माझा जीव तिथेच अडकलाय रे. शोभेसाठी बसवलेल्या देवासमोर मुलीचं कन्यादान करू? आणि ते सगळं कुणाच्या पैशातून उभं राहिलं? घरी हेच बोललो, तर रमा म्हणते, बाबा, पेन्शन तुम्हीही इथलीच घेता. जावई बिचारा गप्प. त्यात वैताग असा की मला बाग आवडली. फार आवडली. तू असतास तर यावर चार तास हसला असतास.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? सोसायटीची केस कुठवर आलीय? धाकट्याला नोकरी लागल्याचं कळलं, अभिनंदन सांग.

रविवारी आगाऊ रक्कम भरायचीय. त्याआधी काय ते कळव, पण 'लुटीचा पैसा' एवढं म्हणून फोन ठेवू नकोस, त्याच्या पुढचं सांग. आणि ठरलंच तर व्हिसाला आत्तापासून लाग.

तुझा,
सुध्या