मॅटियसचे उत्तर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मतभेद विकोपाला गेल्यावर मित्राकडे जाणे-येणे सोडावे का, असे तू विचारले आहेस. त्यावर माझे मत सांगण्याआधी गायस मॅटियसविषयी लिहितो.

हा रोमचा एक सधन गृहस्थ, ज्यूलियस सीझरचा जिवलग आणि प्रसिद्ध वक्ता व राजकारणी सिसेरो याचाही जुना स्नेही. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सीझरचा खून झाला आणि मॅटियसने उघडपणे शोक केला. पुढे सीझरचा दत्तक पुत्र, तरुण ऑक्टेव्हियन याने सीझरच्या विजयाप्रीत्यर्थ खेळ भरवले, तेव्हा त्यांच्या व्यवस्थेतही तो होता. लोक नावे ठेवू लागले. सिसेरोच्याही मनात अढी होतीच. आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहिताना तो मॅटियसचा उल्लेख त्याच्या टकलावरून पाडलेल्या नावाने करी. अखेर ट्रेबेटियस या कायदेपंडिताने मध्यस्थी केली, सिसेरोने समजुतीचे पत्र लिहिले, आणि त्याला मॅटियसने दिलेले उत्तर सुदैवाने आजही उपलब्ध आहे.

त्यात तो सीझरच्या राजकारणाची वकिली करत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. यादवी युद्धाचे कारण आपल्याला पटले नव्हते, तरीही मित्राला सोडले नाही, असे तो स्वच्छ लिहितो. सीझरच्या विजयानंतर त्याने ना मानाचे पद घेतले, ना पैसा; उलट सीझरच्याच कायद्याने त्याची मालमत्ता घटली, आणि त्याच कायद्यामुळे तगलेले कित्येक जण आता सीझरच्या मृत्यूचा आनंद मानत होते. मित्रापेक्षा देश मोठा, असे म्हणणाऱ्यांनी या खुनाने देशाचे भले झाले हे जणू आधीच सिद्ध केले आहे, असे तो त्यांना सुनावतो. आपल्या मनाप्रमाणे भ्यावे, हसावे, रडावे एवढी मोकळीक गुलामांनाही असते, आणि स्वातंत्र्याचे हे कैवारी, म्हणजे सीझरचे मारेकरी व त्यांचे पाठीराखे, तीच आपल्यापासून धाक घालून हिरावू पाहतात, हे त्याचे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. खेळांची व्यवस्था हे खाजगी कर्तव्य होते, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नव्हता, एवढेच त्याचे त्यावर उत्तर आहे.

तेव्हा मित्राचे म्हणणे तुला पटत नसेल तर तसे त्याच्या तोंडावर सांग, पण त्याच्या घरी जाणे सोडू नकोस. मॅटियसचे पत्र छोटेच आहे. येत्या रविवारी मित्राकडे जाण्याआधी ते सबंध वाच.

तुझा,
बाबा