हरकती ऐकणारे कोण, हे शहराने ठरवावे

महोदय,

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की चर्चा शाळा, उद्याने अशा सार्वजनिक कामांसाठीच्या जमिनींच्या आरक्षणांची होते, रस्तारुंदीची होते. पण नागरिकांच्या हरकती ऐकायला जी नियोजन समिती बसते, तिच्यातील माणसे कोण नेमते याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ नुसार या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण या विषयांतील जास्तीत जास्त चार जाणकार शासनयंत्रणेकडून नेमले जातात. म्हणजे चारही जागा भरल्या, तर निवडून आलेले सदस्य आपल्याच शहराच्या समितीत अल्पमतात जातात.

पुण्याने याचा अनुभव घेतला आहे. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती व सूचना आल्या. त्या ऐकणाऱ्या सात जणांच्या समितीत एकमत झाले नाही. नगरसेवक सदस्यांचा आणि शासननियुक्त सदस्यांचा अहवाल वेगवेगळा आला. पुढे मुदतीत निर्णय झाला नाही म्हणून मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला, तेव्हा ज्या सभागृहाला पुणेकरांनी निवडून दिले होते, त्याचा या आराखड्यावरील अधिकार केव्हाच संपलेला होता.

नगरसेवकांचेही जमिनीत हितसंबंध असतात, म्हणून तज्ज्ञ हवेत, असे सांगितले जाते. ही शंका खोटी नाही आणि तज्ज्ञांच्या जागा काढून टाकाव्यात असे माझे म्हणणेही नाही. पण आरक्षण उठवणाऱ्या नगरसेवकाला मतदार पुढच्या निवडणुकीत जाब विचारू शकतो. शासनाने नेमलेल्या सदस्याला तो कुठे गाठणार? शिवाय कलम ३१ खाली आराखड्याला अंतिम मंजुरी देण्याचा, त्यात फेरबदल करण्याचा अधिकार शासनाकडे आहेच. शेवटचा शब्द ज्याचा आहे, त्यानेच सुनावणीच्या टेबलावरचे बहुमतही आपल्याकडे ठेवण्याचे कारण मला सापडत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीत, नगरनियोजन हा विषय पहिल्याच क्रमांकावर आहे.

२०२१ मध्ये तेवीस गावे महापालिका हद्दीत आली, आणि अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या नियोजनाचा अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेला, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. तिथल्या रहिवाशाला पाणी महापालिकेकडे मागायचे आणि रस्त्याची आखणी मात्र दुसऱ्याच दारात विचारायची, ही व्यवस्था मला मान्य होत नाही.

जुन्या हद्दीच्या आराखड्याची मुदत २०२७ पर्यंतची आहे, त्यामुळे नव्या समितीचा प्रश्न लवकरच उभा राहणार आहे. तज्ज्ञ सदस्यांची नावे महापालिकेच्या मुख्य सभेने उघड चर्चेने सुचवावीत, शासनाने त्यांतूनच नेमणूक करावी, आणि प्रत्येक सदस्याचा व्यवसाय व शहरातील जमिनीतील हितसंबंध पहिल्या सुनावणीपूर्वी जाहीर व्हावेत, एवढी दुरुस्ती कलम २८ मध्ये करण्याची मागणी पुण्याच्या आमदारांनी विधिमंडळात मांडावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
पुण्याचा एक रहिवासी