वेबिल जुळत नाहीये, बाबा

मुलुंड,
शुक्रवार, ३१ जुलै २०२०

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

रोज संध्याकाळी फोन होत असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन स्पीकरवर असतो, गॅलरीतून जाणारं-येणारं सगळं ऐकतं, आणि मी साखरेचं नाव काढलं की बाबा फोन आईकडे देतात. कागद मात्र शेवटपर्यंत वाचाल. आमच्या लॅबमधला परळचा एक दादा ही पिशवी जिन्याखाली ठेवून हाक मारेल. तो वर येणार नाही, आग्रह करू नका. पिशवीत साखर तपासायच्या स्ट्रिप्सच्या दोन डब्या आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आहे.

बाबा, गेल्या रविवारी साखरेच्या मशीनची बॅटरी बघायची म्हणून मी आईला व्हिडिओवर ग्लुकोमीटर दाखवायला सांगितलं. तिच्याकडून बाजूचं बटण दाबलं गेलं आणि जुने आकडे एकेक करून यायला लागले. २३८. २५१. २१९. २४४. तिच्या मागे भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यावर त्याच आठवड्याच्या चौकोनांत तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: १२४, १२६, १२२, १२५. आईच्या काही लक्षात आलं नाही. मी तेव्हा बोलले नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले.

तेहतीस वर्षं तुम्ही बेस्टमध्ये कंडक्टर होतात. तिकिटं आणि पैसे यांच्यात रुपयाचा फरक आला तरी वेबिल, म्हणजे तो दिवसाच्या हिशेबाचा कागद, जुळेपर्यंत डेपोतून निघायचा नाहीत. आई ताट झाकून बसायची, मी पेंगत असायचे, आणि तुम्ही अकराला येऊन सांगायचात, ‘जुळलं.’ त्या माणसाला कालनिर्णयावर खोटा आकडा लिहावा लागला, म्हणजे आत किती भीती बसली असेल, हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

ती भीती कसली आहे हे मला कळतं. मे महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना साखर वाढली म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे स्वॅब घेतला, पॉझिटिव्ह आला आणि ते परत आलेच नाहीत. घरच्यांना तोंडसुद्धा बघता आलं नाही. मजला सील झाला, जिन्याला बांबू बांधले. त्या दिवसापासून तुमच्या मनात जास्त आकडा म्हणजे उचलून नेणार, असंच बसलंय. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, बाबा. मी रोज त्याच दवाखान्यांच्या जगात वावरते आणि काही माणसं परत येत नाहीत हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आकडा लपवला म्हणून साखर कमी होत नाही. ती आत आपलं काम करत राहते.

काय काम, ते सांगते. मी मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी मोजते. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तातही त्या पुरेशा दिसतात. पण साखर सतत चढलेली असेल तर त्या सुस्तावतात: जंतू आला तिथे पोचायला उशीर, गिळायला उशीर. संख्या मला काचेवर दिसते, सुस्ती दिसत नाही. साखर आहे म्हणून हा कोरोना तुम्हालाच आधी गाठेल असं नाही, पण गाठलाच तर तो जड जाण्याची शक्यता जास्त. शिवाय आजारपणात शरीर स्वतःच साखर वर ढकलतं, माणूस काही खात नसला तरी. ऑक्सिजन लागला तर स्टेरॉइड देतात, त्यानेही साखर चढते. म्हणून मला तुमची साखर आज, तुम्ही खुर्चीत धडधाकट बसलेले असताना, खाली आणायची आहे.

आणि एक गोष्ट आहे जी कुणी डॉक्टर तुम्हाला विचारणार नाही, कारण त्यांना आपली चाळ माहीत नाही. आई सांगत होती, तुम्ही रात्री चार-चार वेळा उठता. साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकायला लागतात आणि तिच्याबरोबर पाणी ओढून नेतात. म्हणून इतक्या वेळा लागते, म्हणून घसा कोरडा पडतो. ते नुसतं वयामुळे नाही. आता मोजा: चार खेपा, गॅलरीच्या टोकाचे ते सामायिक संडास, तीच कडी, तोच नळ, अख्ख्या मजल्याची माणसं, आणि रात्री अर्धवट झोपेत मास्क राहिला. आई सगळ्या भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवते, दाराच्या कडीला सॅनिटायझर लावते, आणि तुमची साखर तुम्हाला रोज रात्री चारदा तिथे घेऊन जाते. ती खाली आली तर चारच्या दोन होतील. माझ्या मते तुमच्यासाठी याहून मोठी खबरदारी नाही. मास्क दाराच्या खिळ्याला टांगून ठेवा, अंधारातही हाताला लागेल असा.

आई, आता तुझ्याशी. काढा बंद कर असं मी म्हणत नाही. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी घाल, घशाला बरं वाटतं. पण त्यात लिंबाएवढा गुळाचा खडा पडतो, आणि तो दिवसातून तीनदा. गूळ पोटात गेला की साखरच होते, आई. मूठभर मनुकाही तशाच. तू जीव तोडून इम्युनिटी वाढवायला बघतेस आणि त्याच पेल्यातून ती खाली येते. तुझी चूक नाही, सगळीकडे तसंच सांगत होते. च्यवनप्राशची ती मोठी बरणीसुद्धा तूच संपव. आयुष मंत्रालयानेही मधुमेहींनी बिनसाखरेचं घ्यावं असंच सांगितलंय. रेशनचा फुकट तांदूळ आला म्हणून दोन्ही वेळा भात होतोय, तेही कळलं. एका वेळी भाकरी कर. भात असेल तेव्हा आधी भाजी आणि डाळ वाढ, भात मागून आणि थोडा.

सोमवारी श्रावणी सोमवार आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी आहेत. बाबा, याचीच मला जास्त काळजी आहे. तुमची ती सकाळची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी रिकाम्या पोटी आपलं काम करतेच. दिवसभर उपास धरलात तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, चक्करल्यासारखं झालं तर लगेच बोट टोचा. ७०च्या खाली आकडा असेल तर पाण्यात तीन चमचे साखर घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. तेव्हा मात्र साखरच हवी. या वर्षी उपास आई करेल, देव समजून घेईल. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना मी कालच फोन केला, तुमचे खरे आकडे सांगितले. ते रागावले नाहीत. शनिवारी दुपारी चारला ते तुम्हाला फोन करतील, मशीन जवळ ठेवा.

बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन पुसा. बोटाला गोडाचा अंश राहिला तरी आकडा फुगतो, आणि सॅनिटायझर लावलं असेल तर पूर्ण सुकू द्या. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, या पावसाळी हवेत त्या खराब होतात.

ऑक्सिमीटर दोघांनी वापरायचा. बोट गार असेल तर चोळून गरम करा. ९५ किंवा वर असेल तर ठीक. सर्दी-ताप वाटला तर गॅलरीत सहा मिनिटं चाला आणि परत लावा. आकडा ९५च्या खाली आला किंवा तीनने उतरला तर मला फोन, रात्री तीन वाजले असले तरी. आधीच धाप लागत असेल तर चालू नका, थेट फोन. माझा लागला नाही तर महापालिकेच्या हेल्पलाइनला, १९१६. ताप आला आणि जेवण जाईना तर पाणी पीत राहा, दर चार-सहा तासांनी साखर बघा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, कारण अंगातलं पाणी कमी झालं की मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी त्रास देऊ शकते.

आता माझं. कागदावर लिहायला सोपं जातंय म्हणून लिहिते. छोटी पोटात असताना माझी साखर वाढली होती, आठवतं ना आई? बाळंतपणानंतर ती उतरली आणि मी विसरून गेले. अशा बाईने पुढे वरचेवर तपासायला हवं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते आणि नऊ वर्षांत स्वतःची एकदाही तपासली नाही. रविवारी तुमचे आकडे बघितल्यावर सोमवारी माझंच रक्त काढलं. एचबीए१सी ६.२ आला, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६.५ला मधुमेह म्हणतात. मला बेचाळिसावं चालू आहे. तुमच्याकडून आलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, बाबा. तुमच्याकडून मला आकड्यांचा हिशेबही आलाय.

अत्यावश्यक सेवेच्या लोकलने मी रोज चिंचपोकळीवरून जाते. करी रोड मागे पडलं की दारात येऊन उभी राहते. तुमच्यापासून पाच मिनिटांवर असते, आणि उतरत नाही. दिवसभर वॉर्डातल्या रक्ताच्या नळ्या माझ्या हातून जातात, तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवायची मला हिंमत होत नाही. या वर्षी लालबागला राजाही बसणार नाही, तेव्हा गणपतीतही माझी वाट बघू नका.

आई, सोमवारी नारळीभात कर, मन मारू नकोस. बाबांना दोन घास दे. माझ्या वाट्याचा शेजारच्या पोरांना वाढ.

बाबा, जुने चौकोन खोडू नका, तसेच राहू द्या. नवा महिना उद्यापासून सुरू होतोय. रविवारी सकाळी सातला फोन करते, स्पीकर बंद ठेवा. आधी मी माझा आकडा सांगेन, मग तुम्ही तुमचा.

तुमची,
बाय